नवरीच्या बाजूला सोडलेली जागा

आधीच सांगून टाकतो. भूत, आत्मा, करणी, बाहेरचं... माझा यातल्या कशावरही कधी विश्वास नव्हता. यात माझी काही मोठी अक्कल नाही, धंदाच तसा आहे. तुमसरला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, साक्षगंध, बारसं, वाढदिवस, रिटायरमेंट — जिथं चार पाहुणे जमतात तिथं मी गळ्यात कॅमेरा अडकवून हजर असतो. आणि गेल्या काही वर्षांत या धंद्यात एक नवीन काम वाढलं आहे. मेलेल्या माणसांना फोटोत आणायचं.

म्हणजे असं बघा. नवरीचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले. घरच्यांना वाटतं, फॅमिली ग्रुपमध्ये ते असायला पाहिजेत. मग आम्ही स्टेजवर ग्रुप लावतानाच एका माणसाची जागा मोकळी सोडतो आणि नंतर कॉम्प्युटरवर त्या जागी वडील बसवतो. चेहरा आधार कार्डावरून नाहीतर एखाद्या जुन्या फोटोतून मिळतो. पण धड कुठून आणायचं? धड माझं असतं. करड्या कोटातला माझा एक उभा फोटो मी याच कामासाठी काढून ठेवला आहे. तुमसर-मोहाडीकडचे निदान पंधरा स्वर्गवासी माझा कोट घालून आपापल्या लेकींच्या लग्नात उभे आहेत. माझी बायको म्हणते, "स्वतः एकाही फोटोत नसता, आणि दुसऱ्यांच्या मयतात मात्र सगळीकडे."

तर भूतं मी स्वतः बनवतो. अर्ध्या तासात एक. असा माणूस भुताला काय भिणार? पण गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो आहे. कोणाला उत्तर सुचलं तर मला हवंच आहे.

लग्न आंबागडचं होतं. किल्ल्याच्या डोंगराखालचं गाव, तुमसरहून फार लांब नाही. नवरीचं नाव प्रणाली. नवरा राकेश, नाकाडोंगरीचा, खाणीत नोकरीला. ऑर्डर द्यायला नवरीचे काका आले होते — मोरेश्वरभाऊ. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. सगळं ठरल्यावर जाता जाता म्हणाले, "फोटोवाले भाऊ, ग्रुप फोटोत एक जागा सोडजा. आमच्या दादाले बसवाचं आहे."

"कधी वारले?" मी आपलं नेहमीसारखं विचारलं. फॉर्मच भरतो म्हणा ना.

मोरेश्वरभाऊ परत खुर्चीवर बसले. "वारले असं नाई म्हणता येत. पण आता नऊ वर्षं झाली जी."

मग त्यांनी सांगितलं. नवरीचे वडील, ताराचंद, गावातल्या टोळीसोबत तेलंगणात मिरची तोडायला जायचे. धान निघालं की आमच्याकडची बरीच माणसं जातात. नऊ वर्षांपूर्वी टोळी परत येत होती. एका स्टेशनवर ताराचंद बाटलीत पाणी भरायला उतरले आणि गाडी सुटली. बस्स, एवढंच. भांडण नाही, कर्ज नाही, दारू नाही. पाण्याची बाटली घेऊन माणूस उतरला तो उतरलाच. मोरेश्वरभाऊंनी त्या लाइनवरचं एकेक स्टेशन पालथं घातलं, पोलिसांत तक्रार दिली, दवाखाने पाहिले, बेवारस प्रेतांचे फोटोही पाहिले. "किती वर्षं पाहाचं? सात वर्षं झाली का सरकारही मेला समजते. मी थकलो जी," असं म्हणून ते उठले.

थकली नव्हती ती त्यांची वहिनी. दुर्पताबाई.

त्यांची आणि माझी पहिली भेट भांडणानंच झाली. हल्ली आम्ही एक सोय देतो. सगळे फोटो नेटवर चढवतो आणि पाहुण्यांना एक क्यूआर कोड देतो. पाहुण्यानं मोबाइलनं कोड स्कॅन करायचा, आपला सेल्फी काढायचा, की शेकडो फोटोंतून ज्यात तो असेल तेवढेच फोटो त्याला मिळतात. चेहरा ओळखायचं काम मशीन करतं. मी त्या कोडचे स्टिकर छापून लग्नघरी देतो. पत्रिकेच्या मागच्या बाजूला चिकटवायचे, तेवढीच स्टुडिओची जाहिरात. लग्नाच्या आठ दिवस आधी मांडव पाहायला गेलो तर पत्रिकांचा गठ्ठा दिसला. स्टिकर सगळे पुढच्या बाजूला! तेही मधोमध, मजकुरावर, एक शब्द झाकून. माझी सटकली.

"हे कोणी लावले? मागे लावायचे सांगितलं होतं ना!"

ओसरीत तांदूळ निवडत बसलेल्या बाईनं मान वर केली. कपाळावर बंद्या रुपयाएवढं कुंकू. "मी लावले. काहून? मांगं कोण पाह्यते भाऊ? सामोर लावले तं दिसते."

मी चिडून एका पत्रिकेवरचा स्टिकर नखानं उचकटला. खाली एकच अक्षर होतं. 'कै.' त्याच्यापुढे नाव — ताराचंद. मोरेश्वरभाऊंनी पत्रिका छापून आणली होती ती 'कै. ताराचंद यांची सुकन्या' अशी. आणि या बाईनं एकेक पत्रिका हातात घेऊन, मोजून त्या एका अक्षरावर माझा स्टिकर चिकटवला होता. गावभर आणि सोयऱ्याधायऱ्यांत गेलेल्या एकूण एक पत्रिकेवर.

मी तिच्याकडे पाहिलं. ती तांदळातले खडे वेचत राहिली. मी तो उचकटलेला स्टिकर थुंकी लावून परत जागेवर बसवला. दुसरं काय करणार होतो?

लग्नाच्या आदल्या दिवशी हळदीलाही तेच. पहिली हळद सवाष्णींनी लावायची. दोन-तीन बायका कुजबुजायला लागल्या, दुर्पतानं हात लावावा का नाही म्हणून. माझा कॅमेरा चालूच होता. बाई आल्या, वाटीत चारही बोटं बुडवली आणि लेकीच्या दोन्ही गालांना हळद फासली. कोणाकडेही न पाहता. कुजबुज तिथंच थांबली. खरं सांगतो, त्या वेळेला मला त्यांची दया आली. मनात म्हटलं, मावशी, नऊ वर्षं... आता कोण येतंय.

आता मुख्य गोष्ट.

लग्न सकाळी अकराचं होतं. साडेबाराला फॅमिली ग्रुप लावला. भर दुपार, मांडवात लख्ख उजेड, मागे साधा लाल पडदा. त्यावर फूल नाही, नक्षी नाही, देवाचा फोटो नाही... हे मुद्दाम सांगतो आहे. मधे नवरा-नवरी. नवरीच्या बाजूला एका माणसाची मोकळी जागा. तिच्या पलीकडे दुर्पताबाई. मग मोरेश्वरभाऊ, त्यांची बायको आणि मुलं. मोजून आठ माणसं.

माझ्या नव्या कॅमेऱ्याला चेहरा दिसला की तो त्यावर पांढरा चौकोन दाखवतो. फोकस तिथंच धरतो. आमचं निम्मं काम त्या चौकोनांनीच सोपं केलं आहे. आता आम्ही माणसं कमी पाहतो, चौकोन जास्त. तर मी डोळा लावला आणि चौकोन आले. आणि माझं तोंड सवयीनं चालायला लागलं. "वहिनी, पदर. राकेशभाऊ, हसा थोडं, उधारीचं लग्न नाही. काका, मान सरळ. आणि जरा नवरीकडे सरका, मावशींना कोपर लागतंय तुमचं."

मांडवात हशा पिकला. मला कळेचना काय झालं. कॅमेरा खाली घेतला, तेव्हा लक्षात आलं... मी रिकाम्या जागेशी बोललो होतो.

कारण चौकोन नऊ होते.

नववा त्या मोकळ्या जागेत होता. दुर्पताबाईंच्या डोक्यापेक्षा चार बोटं वर. आणि त्या खरंच डावा हात अंगाशी आवळून उभ्या होत्या, दाटीत उभा राहणारा माणूस आवळतो तसा. मोरेश्वरभाऊ हसले नाहीत. त्यांना वाटलं असेल, फोटोवाला टिंगल करतो आहे. दुर्पताबाईही हसल्या नाहीत. त्यांनी डावीकडे एकदा पाहिलं आणि हात सैल सोडला.

मी म्हटलं, पडद्याची घडी असेल. पडदा ओढून ताणला. चौकोन तिथंच. सगळ्यांना दोन पावलं पुढे घेतलं — चौकोन पुढे आला. शंभर पाहुणे खोळंबले होते. मी ती जागा धरून तीन फोटो काढले: एक घरच्यांचा, एक सोयऱ्यांसोबत, एक फक्त माय-लेक-जावई. मग ती जागा मोडली, माणसं जवळजवळ आली आणि चौकोन बरोबर जेवढी डोकी तेवढे. मी स्वतःला समजावलं, मशीन आहे, उन्हाळा आहे, गरम झालं असेल. दुसऱ्या दिवशी सगळे फोटो नेटवर चढवले. ते तीन फोटो मोठे करून पाहिले. जागा रिकामीच होती. लाल पडदा, बाकी काही नाही.

अल्बम तयार झाला तोवर पावसाळा लागून धानाच्या रोवण्याचे दिवस आले होते. ठरल्याप्रमाणे मी ताराचंदांचा मतदार कार्डावरचा चेहरा माझ्या कोटावर बसवून दिला होता. छान जमला होता, स्वतःच्या हातानं स्वतःची पाठ थोपटावी असा. दुर्पताबाई शेतातूनच आल्या, घोट्यापर्यंत चिखल. त्यांनी पानं उलटली आणि त्या पानावर थांबल्या.

"हा कोण होय?"

"मावशी, काका आहेत ना."

"तोंड त्याचं हाये. आंग कोणाचं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

"मेलेल्या मानसाले चिपकवता तसं त्याले चिपकवू नका भाऊ," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी नऊ वर्षं कुंकू लावून राह्यली. लोक तोंडावर बोलतेत. पोरीच्या हळदीत बोलले. तुमी आता फोटोत मारून राह्यले त्याले. काढा त्याले. जागा तशीच ठेवा."

मी त्यांच्यासमोर ती फाइल उघडली आणि पुसली. कॉम्प्युटरवरून, पेनड्राइव्हवरून, सगळीकडून. नेटवर तर तो फोटो मी कधी चढवलाच नव्हता. असले जोडलेले फोटो मी चढवत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अल्बमचं पान नवीन काढून दिलं. भिंतीवर लावायची फ्रेमही तशीच दिली — नवरा, नवरी, एका माणसाची जागा, आणि दुर्पताबाई.

त्यानंतर सहा-सात महिने काहीच नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी स्टुडिओत बसलो होतो. मोबाइल वाजला. कुणी कोड स्कॅन करून सेल्फी टाकला की मला कळतं. सेल्फी, मोबाइल नंबर आणि त्याला किती फोटो मिळाले ते दिसतं. 'प्रणाली-राकेश' च्या गॅलरीत नवीन पाहुणा. मी म्हटलं, लग्नाला नऊ महिने झाले, आता कोण उठलं झोपेतून?

उघडलं. एक म्हातारा. पांढरी दाढी, गाल बसलेले, कपाळावर तिरकी जुनी जखम. मागे मोठी मोठी पातेली. माझ्या ओळखीचा नव्हता. त्या लग्नात नव्हता, हे मी शपथेवर सांगू शकतो.

खाली लिहिलं होतं — तीन फोटो सापडले.

तेच तीन. जागा सोडलेले.

मी खुर्चीवरून उठलो आणि परत बसलो. नंतरचा एक तास मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुम्ही मला वेड्यात काढणार नाही. तो सेल्फी मी पुन्हा टाकून पाहिला. पुन्हा तेच तीन. माझा सेल्फी टाकला: एकही फोटो नाही, बरोबर. बायकोचा टाकला, तिचाही नाही, बरोबर. मोरेश्वरभाऊंचा जुना फोटो टाकला. म्हटलं, भाऊ-भाऊ आहेत, चेहऱ्यात सारखेपणा असेल. त्यांना त्यांचे स्वतःचे साठ-सत्तर फोटो मिळाले. ॲपवाल्यांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं, कधी कधी मशीनची चूक होते. होत असेल. पण चौदाशे फोटोंतून चूक नेमकी त्या तीनच फोटोंत?

मग त्या नंबरवर फोन लावला. उचलणाऱ्याचं नाव श्रीनिवास. तेलंगणातल्या एका गावात, देवळाच्या अन्नछत्रात स्वयंपाकी. त्याची हिंदी वेगळीच, पण समजत होती.

"बाबा बात नहीं करते साब," तो म्हणाला. "हमारे यहाँ पानी भरते, बर्तन माँजते. कितने साल हुए, सिर फूटा हुआ मिला था कोई पटरी के पास. नाम भी नहीं मालूम. आज स्टेशन के सामने चाय की टपरी पे एक कार्ड चिपका था. बाबा वहीं रुक गए. एक जगह उंगली रखे, हटाते ही नहीं. मेरे को वो भाषा आती नहीं. पर उंगली के बाजू में ही कोड था, तो मैंने स्कॅन कर दिया. फोटो माँगा तो बाबा का खींच के डाला."

ती पत्रिका तिथं कशी गेली, ते मला नंतर कळलं. उरलेल्या पत्रिका दुर्पताबाईंनी जपून ठेवल्या होत्या. जानेवारीत मिरचीची टोळी निघाली तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या हातात दोन-दोन दिल्या. जिथं जिथं गाडी थांबेल तिथं चिकटवा म्हणून. लोक हसले, लग्न होऊन गेलं, आता पत्रिका कसली वाटते म्हणून. त्या म्हणाल्या होत्या, "लगन झालं तं झालं. पोरीच्या बापाले मालूम तं पडाले पाह्यजे का नाई?" आणि ताराचंद शाळेत गेले नव्हते, पण सहीपुरतं स्वतःचं नाव त्यांना येत होतं. अख्ख्या पत्रिकेत ओळखीची अक्षरं तेवढीच. 'कै.' झाकलेलं, त्यावर कोड, आणि कोडला लागून नाव.

इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. बाईची जिद्द, टोळीचा भलेपणा, श्रीनिवासचा मोठेपणा. माझं घोडं पुढे अडतं.

मी आधी मोरेश्वरभाऊंना बोलावून सेल्फी दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, परत जवळ नेला. कपाळाची जखम त्यांच्या ओळखीची नव्हती, पण डाव्या कानाची पाळी फाटलेली होती... लहानपणी दोघं भाऊ बोरीवर चढले होते तेव्हाची. त्यांनी मोबाइल काउंटरवर ठेवला आणि तोंडावर गमछा धरला.

"वहिनीले तुमी सांगा जी," ते म्हणाले. "मी कोन्या तोंडानं सांगू? कागदावर मीच त्याले मारलं."

मी आंबागडला गेलो. दुर्पताबाई अंगणात शेण टाकत होत्या. हात धुऊन आल्या, फोटो पाहिला. रडतील, ओरडतील, चक्कर येऊन पडतील, मी सगळ्याची तयारी करून गेलो होतो. त्या म्हणाल्या, "दाढी कायले वाढवली?"

मग मी न राहवून ते तीन फोटोंचं सांगितलं. मशीननं त्याला कोणते फोटो दिले ते. मला वाटलं, निदान त्या तरी दचकतील. त्यांनी भिंतीवरच्या फ्रेमकडे मान वळवली.

"मंग बरोबरच हाये ना. तो तिथी उभा होता."

"मावशी, तिथं कोणी नव्हतं. मी फोटो काढला आहे."

"तुमी त्याले सरका म्हनलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमीच इसरले."

त्या रात्री मी झोपलो नाही. माझ्याच शब्दानं मला धरलं होतं.

चौथ्या दिवशी दुर्पताबाई आणि जावई राकेश जाऊन ताराचंदांना घेऊन आले. मला निरोप आला — कॅमेरा घेऊन या. मी सकाळी दहाला पोचलो. अंगण माणसांनी भरलं होतं. ताराचंद खाटेवर बसले होते, दाढी काढलेली, नवा सदरा. कोणी काही विचारलं तर त्याच्याकडे पाहायचे, पण बोलायचे नाहीत. राकेश म्हणाला, अख्ख्या प्रवासात एक शब्द नाही. लेक पायाशी बसून रडली, तिच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला, पण शब्द नाही. भाऊ गळ्यात पडला, तरी शब्द नाही. बायकोला ओळखलं का नाही, हेही कोणाला सांगता येत नव्हतं. आणि मला दिसत होतं, दुर्पताबाईंचं सगळं अवसान त्याच एका गोष्टीवर अडलं होतं. नऊ वर्षं ज्याच्यासाठी भांडल्या तो समोर बसला होता आणि त्यांच्याकडे परक्यासारखा पाहत होता. सकाळपासून त्या त्याच्याजवळ बसल्याही नव्हत्या. आत-बाहेर, आत-बाहेर, उगाच भांडी हलवत होत्या.

मोरेश्वरभाऊ म्हणाले, "एक फोटो काढा जी दोघाईचा."

दोघांना भिंतीशी उभं केलं. दुर्पताबाई मान खाली घालून, हात अंगाशी आवळून. ताराचंद त्यांच्या डावीकडे. मी कॅमेरा डोळ्याला लावला. दोन माणसं, दोन चौकोन. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

ताराचंदांनी मान सरळ केली. मग अर्धं पाऊल बाजूला सरकले, दुर्पताबाईंपासून लांब — जिकडे त्या दिवशी नवरी उभी होती तिकडे. आणि माझ्याकडे, थेट कॅमेऱ्यात पाहत, घोगऱ्या, न वापरलेल्या आवाजात म्हणाले,

"आता तं नाई लागत ना कोपर?"

बाकीच्यांना नवल एवढंच की ते बोलले. काय बोलले त्याचा अर्थ तिथं फक्त दोघांना कळला — मला आणि दुर्पताबाईंना. त्यांनी तोंडात पदर कोंबला. मग पदर काढला, नवऱ्याचा दंड धरून त्याला परत जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "लागू दे."

मी फोटो काढला. तो हलला आहे.

कोणीतरी त्यांना सांगितलं असेल, हे मलाही सुचलं. राकेशला विचारलं, प्रणालीला विचारलं, मोरेश्वरभाऊंना विचारलं. कोपराचं कोणाच्या ध्यानातही नव्हतं, "फोटोवाला काहीतरी जोक मारला होता" एवढंच. दुर्पताबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मी कायले सांगू? त्याच्यासंगच तं बोलले होते तुमी." श्रीनिवासला फोन करून विचारलं, मागच्या मे महिन्यात बाबा कुठं होते? तो म्हणाला, कुठं जाणार साब, इथंच. रोज दोन वेळा पाणी भरतात.

ताराचंद आता थोडं थोडं बोलतात. पण लग्नाच्या त्या दिवसाबद्दल विचारलं की कपाळ चोळत बसतात, म्हणून मी विचारणं सोडून दिलं.

मी मात्र अजून सुटलो नाही. करड्या कोटातला तो फोटो मी पुसून टाकला. जुन्या लग्नांचे मूळ फोटो, जागा सोडलेले, रोज एखादा उघडून बसतो. त्या वेळी माझ्याकडे जुना कॅमेरा होता, चौकोन न दाखवणारा. त्या जागांत कोण उभं होतं, कोणाला मी 'सरका' म्हणायला हवं होतं, कोणाच्या अंगावर मी माझा कोट चढवला — हे मला आता कधीच कळणार नाही. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा. दाखवलंही. डोळ्यांचा नंबर तेवढा वाढला आहे.

मागच्या महिन्यात आंबागडला गेलो होतो. भिंतीवर तीच फ्रेम. मी म्हटलं, "मावशी, आता काकांचा खरा फोटो आहे माझ्याकडे. अंगासकट. या जागेत नीट बसवून देतो, पैसे नको."

दुर्पताबाईंनी फ्रेमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. लहान पोराला समजावतात तशा आवाजात म्हणाल्या,

"आता कायले, भाऊ? हायेच ना तो त्याच्यात."

मी पाहिलं. लाल पडदा होता. मला अजूनही तेवढाच दिसतो.